रामटेकचा मेघ लंडनला कसा पोचला



आषाढ लागला, की आपलं पहिलं काम म्हणजे आभाळाकडे पाहणं. ढग आला का, किती काळा आहे, वारा कोणत्या अंगाचा आहे, हे पाहिल्याशिवाय घरातलं कोणी झोपत नाही. पेरणी झाली असेल तर जास्तच. पऱ्हाटीचं बी मातीत पडलेलं असतं, बियाण्याचे आणि खताचे पैसे गेलेले असतात आणि आता सगळं त्या वरच्याच्या हातात असतं.

आज अशाच एका आषाढातल्या ढगाची हकिकत सांगायची आहे. हा ढग आपल्या विदर्भातून निघाला. कालिदासाने त्याला काव्यात बसवलं. मग सुमारे दीड हजार वर्षांनी लंडनमधल्या एका संगीत शिक्षकाने त्याचं समूहगान केलं. ते पहिल्यांदा गायलं गेलं ४ मार्च १९१३ रोजी, लंडनच्या क्वीन्स हॉल या मोठ्या सभागृहात. त्या शिक्षकाचं नाव गुस्टाव होल्स्ट. तो हिंदुस्थानात कधीच आला नाही. पण ऋग्वेद, सावित्री आणि मेघदूत यांच्यावर त्याने आयुष्याची कितीतरी वर्षं खर्च केली. आणि या गोष्टीत जागोजागी बायका आहेत, म्हणून ती आपल्या कार्यक्रमात सांगण्यासारखी आहे.

आधी मेघदूताची गोष्ट थोडक्यात पाहू. एक यक्ष असतो. कामात चुकतो म्हणून त्याचा धनी कुबेर त्याला एक वर्षासाठी घराबाहेर काढतो. यक्षाचं घर हिमालयात, अलका नगरीत. तो येऊन राहतो रामगिरी नावाच्या डोंगरावर. आठ महिने कसेबसे जातात. आषाढाच्या तोंडावर डोंगराला टेकलेला एक मेघ त्याला दिसतो. बायकोच्या आठवणीने जीव कासावीस झालेला. तो त्या मेघालाच म्हणतो, की बाबा रे, तू उत्तरेला चाललास, तर माझा निरोप घेऊन जा. वाट कशी, नद्या कोणत्या, गावं कोणती, विसावा कुठे घ्यायचा, हे सगळं तो सांगतो. घरचा माणूस कामासाठी परगावी गेलेला असताना मागे राहिलेल्या बाईचं मन कसं असतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कालिदासाने ते दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे.

हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, नागपूरपासून साधारण पन्नास किलोमीटरवर. काही विद्वान छत्तीसगडातला रामगढ डोंगर सांगतात. पण नागपूरचे मोठे संशोधक वासुदेव विष्णू मिराशी यांनी रामटेकच्या बाजूने भक्कम पुरावे मांडले. त्यातला एक पुरावा एका राणीचा आहे. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही मुलगी विदर्भाच्या वाकाटक घराण्यात सून म्हणून आली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर वारला, मुलं लहान होती. मग राज्याचा गाडा तिनेच ओढला. राजधानी होती नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. तिथल्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली आहे. आणि आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, तिने दिलेल्या जमिनीचा ताम्रपट सापडला. तो ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी बसून दिला, असं त्यात कोरलेलं आहे. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वी विदर्भात एका विधवा बाईच्या नावाने जमिनीची कागदपत्रं होत होती. सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आजही तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावं.

मेघदूतात आणखी एक जागा आहे, ती मला फार मोलाची वाटते. मेघ रामगिरीहून निघतो आणि लगेच नांगरटीच्या ताज्या वासाचं शेत लागतं. यक्ष त्याला सांगतो, की खेड्यातल्या बाया तुझ्याकडे प्रेमाने पाहतील, कारण पीक तुझ्यावर अवलंबून आहे हे त्यांना कळतं. त्यांना शहरातल्या बायांसारखे डोळ्यांचे नखरे येत नाहीत, त्यांची नजर साधी आणि ओली असते. एवढ्या मोठ्या कवीने राजवाड्यांच्या वर्णनाआधी वावरातल्या बायांची नजर टिपली आहे. रामटेक सोडल्यावरच्या पहिल्याच टप्प्यात या बाया आहेत. त्या आपल्याच म्हणायला काय हरकत आहे?

आता लंडनच्या मास्तरकडे वळू. गुस्टाव होल्स्टचा जन्म २१ सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम या गावी झाला. वडील बाजा आणि पियानो शिकवून घर चालवत. आई तो सात-आठ वर्षांचा असताना गेली. लहानपणापासून प्रकृती नाजूक. पियानो वाजवायची हौस, पण उजव्या हाताच्या शिरांचं दुखणं मागे लागलं. बोटं साथ देईनात. मग तो ट्रॉम्बोन नावाचं मोठं पितळी वाद्य शिकला आणि नाटकाच्या वाद्यवृंदांत ते वाजवून पोट भरू लागला.

याच काळात त्याच्या हाती हिंदुस्थानच्या जुन्या ग्रंथांवरची पुस्तकं आली. ऋग्वेदाची इंग्रजी भाषांतरं त्याने वाचली. त्याला ती गाण्याजोगी वाटेनात, शब्द बोजड होते. आता कोणी म्हणेल, सोडून द्यावं. याने काय केलं, तर लंडनमध्ये संस्कृतच्या शिकवणीला नाव घातलं. पोटापाण्याचं काम सांभाळून हा मोठा माणूस अ, आ, इ, ई गिरवायला बसला. आणि त्याला शिकवणारी होती एक बाई, डॉक्टर मेबल बोड. पाली आणि संस्कृतच्या अभ्यासात नाव काढलेली ही विदुषी. त्या काळी इंग्लंडातही बायकांना विद्यापीठात शिकणं-शिकवणं सोपं नव्हतं. होल्स्ट काही मोठा पंडित झाला नाही. पण शब्दकोश जवळ घेऊन, जुनं भाषांतर ताडून, एकेक ओळ सोडवण्याइतकं त्याला येऊ लागलं. मग गाण्याचे इंग्रजी शब्द त्याने स्वतःच लिहिले.

आपल्या गटांतल्या ज्या बहिणी साक्षरतेच्या वर्गात चाळिशीनंतर सही करायला शिकल्या, त्यांना या माणसाचं कष्ट करणं नीट समजेल.

त्याची नोकरी दोन ठिकाणी होती. १९०५ पासून तो लंडनमधल्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत संगीत शिकवू लागला, ते थेट १९३४ साली मरेपर्यंत. १९०७ पासून मॉर्ली कॉलेजमध्येही शिकवू लागला. मॉर्ली कॉलेज म्हणजे दिवसभर कामधंदा करून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या स्त्री-पुरुषांची जागा. कोणाला सूर ओळखता येत नसे, कोणाला वाचता येत नसे. अशांकडून त्याने दोनशे वर्षं कोणी न गायलेल्या जुन्या इंग्रजी संगीत-नाटकाची गाणी बसवून घेतली. स्वरलिपीची शेकडो पानं विद्यार्थ्यांनी हाताने उतरवून काढली. १९११ साली तो प्रयोग झाला.

समूहगान म्हणजे नेमकं काय, तेही सांगते. आपल्या भजनी मंडळात एक बाई सांगते आणि बाकीच्या झेलतात. सगळ्यांचा सूर एकच असतो. इंग्रजी समूहगानात गायकांचे गट पाडलेले असतात. उंच आवाजाच्या बाया एक चाल गातात, खालच्या आवाजाच्या बाया त्याच वेळी दुसरी चाल गातात. पुरुष असले तर त्यांचे आणखी दोन गट. चाली वेगळ्या, पण एकमेकींना धरून. गोधडी शिवताना प्रत्येकीच्या हाती वेगळ्या रंगाचा तुकडा असतो आणि शेवटी एकच गोधडी होते, तसं समजा. यात कोणी एकीने चुकून चालत नाही आणि कोणी एकीने पुढे पुढे करूनही चालत नाही.

१९०८ ते १९१२ या काळात होल्स्टने ऋग्वेदातली सूक्तं घेऊन चौदा समूहगीतं केली आणि त्यांचे चार संच पाडले. पहिला संच स्त्री-पुरुष मिळून गाण्याचा. दुसरा आणि तिसरा खास बायकांचा. चौथा पुरुषांचा. म्हणजे चारांतले दोन संच पूर्ण बायकांचे. त्यातला तिसरा संच आजही सगळ्यांत जास्त गायला जातो. त्याला साथ फक्त हार्पची. हार्प म्हणजे मोठ्या उभ्या चौकटीत तारा ताणलेल्या असतात, त्या दोन्ही हातांनी छेडायच्या. या संचात चार गाणी आहेत. पहिलं उषेचं, म्हणजे पहाटेचं. दुसरं पाण्याचं. तिसरं उगवत्या प्रकाशातल्या वेन देवाचं. चौथं वाटसरूंचं. पहाट, पाणी आणि वाट! बाईच्या दिवसाची सुरुवात आणखी कशाने होते?

हा तिसरा संच होल्स्टने ब्लॅकबर्न गावच्या महिला गायकवृंदाला अर्पण केला. फ्रँक डकवर्थ नावाचे गृहस्थ तो चालवत. आता हे ब्लॅकबर्न कुठलं? लँकेशायर परगण्यातलं. लँकेशायर हे नाव आपल्या आजोबा-पणजोबांना चांगलं ठाऊक होतं. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच दशकात मुंबईहून निघालेली आगगाडी भुसावळ, मलकापूर, नांदुरा, अकोला असं करत १८६७ साली नागपूरला पोचली. वऱ्हाडातली रुई त्या गाडीने मुंबईला आणि तिथून बोटीने लँकेशायरला गेली. नांदुऱ्याच्या स्टेशनावरून आज आपण शेगावला, नाहीतर भुसावळला जातो, तो लोहमार्ग मुख्यतः कापसासाठी टाकलेला आहे.

आणि ब्लॅकबर्न हे विणकरांचं गाव. तिथल्या मागांवरची धोतरं आणि पातळ कापड मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात येत असे. त्या मागांवर हजारो बाया काम करत. त्यांच्या स्वस्त कापडाने आपल्याकडच्या कोष्ट्यांचे माग बंद पडले, म्हणून १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, आपल्या पहाटेचं सूक्त इंग्रजीत गाण्याचा मान मिळाला तो त्याच ब्लॅकबर्नच्या बायांना. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. कापड विकणारे मालक वेगळे आणि माग चालवणाऱ्या बाया वेगळ्या. गांधीजी १९३१ साली ब्लॅकबर्नजवळच्या डार्वेन गावी गेले. विलायती कापडावरच्या बहिष्कारामुळे तिथल्यांचं काम गेलेलं होतं, तरी गिरणीतल्या बायांनी त्यांचं हसत स्वागत केलं. तो फोटो आजही पाहायला मिळतो.

होल्स्टचं दुसरं काम आपल्याला आणखी जवळचं आहे. ते म्हणजे वटपौर्णिमेची सावित्री. १९०८ च्या सुमारास त्याने महाभारतातली ही कथा घेऊन अर्ध्या तासाचं संगीत-नाटक लिहिलं. पात्रं तीनच आहेत, सावित्री, सत्यवान आणि मृत्यू. बाकी थोडी वाद्यं, आणि पडद्याआड बायकांचा एक गट. त्यांना शब्द नाहीत, त्या फक्त सूर धरतात. होल्स्टची सावित्री मृत्यूला पाहून दार लावून घेत नाही. पाहुणा आला म्हणून त्याला सामोरी जाते. तो खूश होऊन म्हणतो, की तुझ्यासाठी काही माग, पण सत्यवान मागू नकोस. ती स्वतःसाठी आयुष्य मागते, भरलेलं, पूर्ण आयुष्य. तो देतो. मग ती म्हणते, की सत्यवानाशिवाय माझं आयुष्य पूर्ण कसं होईल? मृत्यू शब्दात अडकतो आणि परत जातो. इथे बाई आधी स्वतःचं जगणं मागते, ही गोष्ट पुढच्या वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळताना जरूर आठवा. १९१६ च्या डिसेंबरात लंडनमध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना, हे नाटक पहिल्यांदा झालं. घरोघरची तरुण मुलं तेव्हा आघाडीवर मरत होती. मृत्यूशी बोलणारी ही बाई ऐकताना तिथल्या आयांना काय वाटलं असेल, ते सांगायला नको.

आता आपल्या मेघाकडे येऊ. मेघदूताचं समूहगान होल्स्टने १९१० च्या आसपास हाती घेतलं आणि १९१२ पर्यंत त्यावर हात फिरवत राहिला. मूळ काव्यात शंभरावर श्लोक आहेत. त्यातलं निवडून त्याने साधारण पाऊण तासाचं गाणं केलं. मोठा गायकवृंद आणि मोठा वाद्यवृंद. हे आपलं सगळ्यांत मोठं काम, असं त्याला वाटत होतं. ४ मार्च १९१३ ला त्याने स्वतः उभं राहून ते गाऊन घेतलं. आणि ते पडलं. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. मेघ, यक्ष, अलका, हे सगळं इंग्रज श्रोत्यांना परकं होतं. होल्स्ट फार खचला.

त्याचा एक मित्र होता, बाल्फर गार्डिनर. मैफलीचा खर्च त्यानेच उचलला होता. त्याने होल्स्टला चार दिवस हवापालट म्हणून स्पेनच्या मायोर्का बेटावर नेलं. तिथे सोबतच्या एका मित्राने त्याला ज्योतिषाचा नाद लावला. त्यातून त्याला ग्रहांवर संगीत रचायचं सुचलं. १९१४ ते १९१६ मध्ये त्याने ‘प्लॅनेट्स’ ही रचना केली आणि ती जगभर गाजली. त्यातला पहिला ग्रह मंगळ, तो पाच मात्रांच्या ठेक्यात आहे. शेवटी वरुणग्रह, म्हणजे नेपच्यून. तिथे बायकांचा एक गट शेजारच्या खोलीत बसून गातो आणि दार हळूहळू लावून घेतात. आवाज विरत जातो.

हे संगीत कागदावर उतरवायला त्याचा दुखरा हात पुरेना. तेव्हा शाळेतल्या त्याच्या सहकारी वॅली लास्कर आणि नोरा डे या दोघींनी तो सांगेल तसं लिहून काढलं. जेन जोसेफ नावाची त्याची विद्यार्थिनीही मदतीला होती. गाजलेल्या रचनेवर नाव एकाचं, पण तिचं प्रत्येक पान बायकांच्या हातून गेलेलं आहे.

मेघदूताचं समूहगान मात्र बरीच वर्षं बासनात राहिलं. १९९० साली लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदाने आणि गायकवृंदाने ते ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा कुठे लोकांना घरबसल्या ऐकता आलं. ते ऐकाल तर त्यात आपला राग सापडणार नाही, तबला नाही, तंबोरा नाही. शब्द इंग्रजी, सूर इंग्रजी. होल्स्टने आपल्या संगीताची नक्कल केली नाही. जे समजलं, ते त्याने आपल्या भाषेत सांगितलं. तो इथे आला नाही, पण त्याची मुलगी इमोजेन आली. तीही संगीतकार होती, वडिलांचं चरित्र तिनेच लिहिलं. स्वातंत्र्यानंतर, १९५०-५१ च्या हिवाळ्यात, ती शांतिनिकेतनला राहून आपलं संगीत शिकून गेली.

आता एक प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. लंडनच्या शाळकरी मुली आणि ब्लॅकबर्नच्या बाया ऋग्वेदातली सूक्तं गात होत्या, त्याच काळात आपल्याकडे काय होतं? वेद बाईने म्हणायचे नाहीत, शूद्राने ऐकायचे नाहीत, असा पक्का समज होता. वास्तविक ऋग्वेदात घोषा, लोपामुद्रा, अपाला, विश्ववारा अशा स्त्रियांच्या नावावर सूक्तं आहेत. ज्यांनी रचलं, त्यांच्याच लेकींना ते बंद झालं. नंतर साकोरीला कन्याकुमारी स्थान सुरू झालं, तिथे मुली वेदमंत्र म्हणू लागल्या. पुढे पुण्यात बायका पौरोहित्य शिकल्या. दार हळूहळू उघडलं.

पण बाईने त्या दाराशी वाट पाहत गप्प बसायचं ठरवलं नव्हतं. तिचं गाणं जात्यावर चालूच होतं. होल्स्ट उषेच्या सूक्ताला चाल लावत होता, तेव्हा वऱ्हाडात आणि खानदेशात पहाटे चार वाजता घराघरांत ओव्या चालू होत्या. आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, असोद्याची लेक बहिणाबाई चौधरी तेव्हा तिशीत होती. जन्म १८८०, म्हणजे होल्स्टपेक्षा सहा वर्षांनी लहान. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि घरात काम करता करता ती गाणी रचत गेली. तिच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या एका भावाने त्यातली काही टिपून ठेवली. ती १९५१ साली वारली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आज शाळेतलं पोर तिच्या ओळी म्हणतं. पण टिपलं गेलं नाही ते किती गेलं असेल?

पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी कार्यकर्त्या बायांच्या मदतीने गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहिलं. त्यांचं बरंचसं काम पुणे जिल्ह्याच्या बाजूला झालं. आपल्याकडच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, पेरणीची आणि लग्नातली गाणी अजून म्हाताऱ्या बायांच्या ओठांवरच आहेत. पिठाची गिरणी गावात आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. हात सुटले हे चांगलंच झालं. पण गाणं त्या जात्याच्या पाळीशी बांधलेलं होतं, तेही तिथेच राहिलं.

म्हणून मैत्रिणींनो, एक काम सुचवते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत नोंदी झाल्या, की पंधरा मिनिटं जास्त बसा. गटातल्या सगळ्यांत मोठ्या आजीला, मावशीला बोलवा. मोबाइलवर तिचा आवाज धरा. वहीच्या मागच्या पानावर ओवी लिहा आणि तिच्याखाली चार गोष्टी न चुकता लिहा : गाणाऱ्या बाईचं नाव, तिचं माहेर, ती कोणाकडून शिकली आणि हे गाणं कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात. शाळेतल्या लेकीला लिहायला बसवा, म्हणजे तिच्याही कानावरून जाईल.

शांता शेळके यांनी मेघदूत सुंदर मराठीत आणलं आहे. गावच्या वाचनालयात विचारा, नसेल तर मागवायला सांगा. आणि कधी नागपूरला जाणं झालं, तर एक दिवस जास्त काढून रामटेकचा गड चढा. वरून नांगरलेली वावरं दिसतात. पावसाळ्यात गेलात तर ढगही खालीच उतरलेला असतो.

भेटू पुढच्या भागात. तोवर पाऊस नीट पडो, पेरणी साधो. नमस्कार.